आप्पांचे दोन्ही डोळे एकाच गालावर

माझ्या चित्रकलेचं आजवरचं सर्वांत परखड परीक्षण एका कावळ्यानं केलं आहे.

मी महाडला चित्रकला शिकवतो. (म्हणजे पेरू, फुलदाणी आणि झेंडावंदन.) गेल्या उन्हाळ्यात स्पेनच्या एका चित्रकारावरचं जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि मी कामातून गेलो! तरुणपणी गड्यानं काही वर्षं सगळं निळंच रंगवलं. पुढे तर समोरून दिसणारा आणि बाजूनं दिसणारा चेहरा एकाच चित्रात कोंबला. त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक, माझे आप्पा बस कंडक्टर. म्हटलं, आपण आप्पांपासूनच सुरुवात करू.

आप्पा आता नाहीत. आंबेनळी घाटातल्या गाडीवर जन्म गेला त्यांचा. एकही फुकट्या त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून मी दोन्ही डोळे एकाच गालावर घेतले. नाक कानाशी, मिशी उभी, अंग निळं! दिवाळीनंतर हे चित्र अलिबागच्या प्रदर्शनात पाठवायचं माझं ठरलं होतं. तोवर बैठकीतला आप्पांचा फोटो उतरवून मी ते तिथं टांगलं.

"अहो, फोटो राहू द्या की," बायको म्हणाली. "म्हाळ आलाय आप्पांचा."

"हार चित्राला घालू!" मी म्हणालो.

पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी आप्पांची थोरली बहीण, गंगूआत्या, वरंधहून आली. दारातच थबकली.

"ह्यो कोन रे?"

"आप्पा!"

"आप्पा? गाडीखाली आला व्हता काय रे तो? मला कोनी सांगितला नाय!"

मी तिला स्पेन समजावून सांगू लागलो. तिनं पाणी मागितलं.

गच्चीवर पान वाढलं. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर. मी हौसेनं चित्र वर नेऊन पानाशेजारी कठड्याला टेकवून उभं केलं. कावळा आला, टाकीवर बसला, मान वाकडी करून त्यानं चित्राकडे बघितलं आणि तिथंच बसून राहिला.

"इच्छा राह्यली हाय त्याची कायतरी," आत्या म्हणाली. कावळा शिवल्याशिवाय ती घास घेणार नव्हती. तिला मधुमेह. सकाळची गोळी घेऊन निघालेली, आता हात थरथरायला लागले होते. मला मनापासून भीती वाटली.

"आत्या, निदान खीर तरी घ्या," बायको काकुळतीला आली.

"नाय गो. आधी त्याला जेवू दे."

मी हात जोडले. "आप्पा, गावचं घर दुरुस्त करतो!"

कावळा ढिम्म.

"घराला रंगही देतो. स्वतःच्या हातानं!"

कावळा उडाला आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन बसला.

"रंगाचा नाव नको काढू त्याच्यापुढं!" आत्या ओरडली. "चित्राचा बोल काय ता!"

एका बाजूला अलिबाग, दुसऱ्या बाजूला आत्याचे थरथरते हात. स्पेनच्या चित्रकारावर अशी वेळ आली नसेल! (त्याला कुठली आत्या असल्याचं पुस्तकात तरी नव्हतं.) मी पुन्हा हात जोडले.

"आप्पा, हे चित्र प्रदर्शनात पाठवत नाही."

कावळा कठड्यावर आला.

"भिंतीवरूनही काढतो," म्हणत मी चित्र उलटं फिरवलं.

मिशी कठड्याकडे वळते न वळते तोच कावळा पानावर! त्यानं वडा उचलला, हाका मारून आणखी चौघांना बोलावलं. आत्यानं डोळे पुसले आणि तिथंच बसून खीर प्यायली. माझाही जीव भांड्यात पडला.

निघताना आत्या म्हणाली, "ता चित्र मला दे रे."

माझा ऊर भरून आला. घरात एक तरी जाणकार निघाली! मी चित्र प्लास्टिकमध्ये बांधून स्वतः गाडीत चढवलं.

परवा तिचा फोन आला. चित्र भाताच्या शेतात खांबाला बांधलंय. माकडं नाहीत, रानडुकरं नाहीत, पाखरूसुद्धा बसत नाही. माझं पहिलं प्रदर्शन वरंधला सुरू आहे, एकही प्रेक्षक फिरकत नाही, आणि आत्या म्हणते, पुढच्या वर्षी वरच्या शेतासाठी बायकोचं काढ!