व्हिनेगरचे दहा दिवस

आमच्या ह्यांना चीनचं भारी कौतुक. नव्वदनंतर आम्ही शारजाला आलो, ह्यांनी इंडस्ट्रियल एरियात नळ-फिटिंगचं गोडाऊन घेतलं आणि वर्षातून दोनदा ग्वांगझूच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरीनंतर घरात आठवडाभर चीनपुराण. तिथे दुपारी सगळा स्टाफ टेबलावर डोकं टेकून वीस मिनिटं झोपतो आणि उठून दुप्पट काम करतो. कार्ड दोन्ही हातांनी देतात. जेवायला बसलं की माशाचं डोकं मुख्य पाहुण्याकडे करून ठेवतात. उन्हाळा असो, हिवाळा असो, पाणी गरमच पितात. एकदा येताना थर्मास घेऊन आले आणि आम्हा मायलेकींनाही गरम पाणी पाजायला लागले.

"एवढं आवडतं तर राहा की तिथेच," मी म्हणायची. बासष्टच्या लढाईत माझ्या आईने हातातली बांगडी संरक्षण निधीला दिली होती. चीनचं कौतुक मला कुठून पचणार?

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये लेकीची दहावीची बोर्डाची परीक्षा चालू होती. दोन पेपर झाले होते, चार राहिले होते. त्यातच हे ग्वांगझूहून परत आले. बॅग उघडली तर कपड्यांना व्हिनेगरचा वास.

"अगं, तिकडे कसलीशी साथ आलीय," ते म्हणाले. "छातीत न्यूमोनिया होतो आणि माणूस जातो. दुकानात व्हिनेगर औषधालासुद्धा मिळत नाही. घरोघर उकळतात, वाफेने हवा शुद्ध होते म्हणे."

"आणि पेपरात काय?"

"दोन ओळी येतात, मग सगळे गप्प. लोक एकमेकांना मोबाईलवर मेसेज करून कळवतात. सरकार म्हणतं, काळजीचं कारण नाही."

माझं डोकंच फिरलं. "मेले! लोकांच्या जिवाशी खेळतात आणि वर काळजी करू नका म्हणे! खरं सांगायला काय जीभ झडते?" एरवी ह्यांनी चीनची बाजू घेतली असती. त्या दिवशी नाही घेतली.

टीव्हीवर मास्क लावलेली माणसं दिसायला लागली होती. दहा दिवसांत ताप आला नाही तर सुटलात, असं सांगत होते. हे आपणहून म्हणाले, "तिचे पेपर होईपर्यंत मी बेडरूममध्येच राहतो." अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूम दोन. एक त्यांना दिली, त्यांच्या बाथरूमसकट. दाराबाहेर स्टूल ठेवलं. त्यावर ताट ठेवायचं, दार वाजवायचं आणि मागे सरायचं. लहानपणी आमच्याकडे बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसायच्या, वेगळं ताट, वेगळं पांघरूण. मीही बसलेय आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्यात. आता नवऱ्यालाच बाजूला बसवलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही त्यावर हसलो.

मीही खाली ग्रोसरीत जाऊन व्हिनेगरच्या चार बाटल्या आणल्या. तीन दिरहॅमला एक, म्हणजे चाळीस रुपये. पातेल्यात उकळत ठेवलं. "ममा, इट स्टिंक्स! मी स्टडी कशी करू?" लेक ओरडली. मी तिला खिडकीपाशी बसवलं आणि पातेलं ह्यांच्या दाराजवळ ठेवलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीच्या भाभी राहायच्या. त्यांची मुलगीही दहावीला, सेंटर एकच, आणि भाभींचे मिस्टर दोघींना गाडीने न्यायचे. भाभींनी लिफ्टपाशी विचारलं, "भाईजान आले काय ओ चीनवरून?"

"कुठले? तिकीटच मिळत नाहीये," मी म्हणाले. तोंडातून इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी लेक त्यांच्या मुलीला खेटून गाडीत बसली, आणि मी वरून हात केला. भाभींच्या घरात दोन वर्षांचं बाळही होतं. चीन सरकारला शिव्या घालणारी मी, अन् माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक राहिला होता? पण सांगितलं असतं तर लेकीला गाडीत कोणी घेतलं असतं? शाळेने तरी आत सोडलं असतं? वर्ष वाया गेलं असतं पोरीचं.

चौथ्या दिवशी ग्वांगझूहून फोन आला. ह्यांची तिथली खरेदी बघणारी एक बाई होती, मोडकंतोडकं इंग्रजी बोलायची. तिने सांगितलं, शेवटच्या रात्री जेवताना ह्यांच्या शेजारी बसलेला फॅक्टरी मॅनेजर हॉस्पिटलमध्ये आहे. ताप आणि खोकला. "युअर हजबंड ओके?" तिने दोनदा विचारलं. मी ओके म्हणाले. फोन ठेवला आणि पातेल्यात व्हिनेगरची आणखी एक बाटली ओतली.

संध्याकाळी ह्यांना ताप भरला. एकशे एक. दाराआडून म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या का गं?"

"परवा गणिताचा पेपर आहे," मी म्हणाले. "कुठून आलात विचारतील, आणि सगळ्यांनाच कोंडून ठेवतील. क्रोसिन घ्या, इन्शाल्ला उतरेल."

त्यांनी क्रोसिन घेतली. डॉक्टर नको हे मी म्हणाले होते, ते नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोकला वाढला. "अगं, पाणी दे," त्यांनी हाक मारली. मी थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओतलं, स्टुलावर ठेवलं, दार वाजवलं आणि स्वयंपाकघरात आले. दार उघडलं नाही. पुन्हा हाक आली.

"ममा, ही इज कॉलिंग यू!"

"ठेवलंय बाहेर. घेतील."

"ही कान्ट गेट अप!" गणिताचं पुस्तक टाकून ती उठली, पेला उचलला आणि दार उघडून आत पाऊल टाकलं. मी धावले. तिचं मनगट धरून बाहेर ओढलं आणि तिच्या फाडकन थोबाडीत मारली. पेला फुटला. पंधरा वर्षांत मी तिला कधी हात लावला नव्हता.

हे पलंगावर बसून सगळं बघत होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. भिंतीला धरत धरत उठून दारापर्यंत आले. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. पण ते लेकीला म्हणाले, "काचांवर पाय देऊ नकोस. ट्रिग्नॉमेट्री राहिलीय ना? जा, बस जा." माझ्याकडे पाहिलं नाही. दार लोटलं आणि आतून कडी लावली. त्या दाराची कडी आम्ही कधीच वापरली नव्हती, ती घट्ट बसली होती. दोनतीनदा ठोकून लावावी लागली त्यांना.

नंतर मी दार वाजवलं. "अहो, उघडा. मी येते आत."

"शेवटचा पेपर होऊ दे," आतून उत्तर आलं. मी पुन्हा वाजवलं नाही.

दोन दिवसांनी ताप उतरला. दहाव्या दिवशी लेक शेवटचा पेपर देऊन आली, तेव्हा हे दाढी करून जेवायच्या टेबलाशी बसले होते. नंतर डॉक्टरांनी घसा पाहून गोळ्या दिल्या, बाकी काही नाही म्हणाले. तो मॅनेजरही वाचला. भाभींना मी कधीच काही सांगितलं नाही.

हे मात्र तो किस्सा अजून रंगवून सांगतात. कोणाकडे जेवायला गेलो की, "हिने मला बाजूला बसवलं होतं हो!" सगळे हसतात. मग कोणीतरी वहिनी माझा हात धरून म्हणते, "तेव्हा तुमच्या जिवाचं काय झालं असेल हो!" मी मान हलवते. रडले मी, खोटं नाही, पण ते रात्री. दुपारी काचा गोळा करत होते, आत हे कडी ठोकत होते. शेवटी ती बसली. आता हे बाहेर येणार नाहीत, हे कळलं, आणि देवाशपथ सांगते, मला हायसं वाटलं.