बदलापूरला न गेलेली गाडी

मी "धरलं" म्हटलं तेव्हा माझे हात बैलाच्या शिंगावर नव्हते. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवापुढे उभा राहूनही नाही. तिथे मी इतर लहानसहान गोष्टींची क्षमा मागतो आणि घरी येतो. लालबागच्या त्या आवारात काय घडलं ते सगळ्या चाळीला ठाऊक आहे, पण त्यांना ठाऊक आहे ती मी सांगितलेली हकीकत.

प्लेग यायच्या आधीची गोष्ट. परळला गिरणीच्या मागच्या चाळीत एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो: आई, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. वडील कोकणातून गिरणीत आले आणि गिरणीतच खोकून खोकून गेले. भाऊ विणाईच्या खात्यात जॉबर होता. मी त्याच्याच हाताखाली साच्यावर. मागाला आम्ही साचा म्हणतो. कोणाला कामावर घ्यायचं आणि कोणाला घालवायचं हे दादाच्या मर्जीवर. साच्याचा तुटलेला एक चामडी पट्टा तो खांद्यावर टाकून हिंडायचा. कापडात गाळा, म्हणजे सुटलेल्या धाग्याची फट, दिसला की पट्टा पाठीवर पडायचा. माझ्या पाठीवर जरा जास्तच.

"सख्ख्या भावाला सोडत नाही म्हटल्यावर बाकीचे सरळ राहतात," असं त्यानेच मला एकदा जेवताना समजावून सांगितलं, आणि सुरमईचा मधला तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला. मी तो खाल्ला. त्याच आठवड्यात पट्ट्याचं टोक माझ्या कानावर बसलं होतं. डाव्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं.

खात्यात फक्त दादाच मारत होता असं नाही. दारू प्यालेली माणसं गिरणीच्या दारात एकमेकांची डोकी फोडायची, बायका नळावर घागरींनी मारामाऱ्या करायच्या, साहेब बुटाने लाथ घालायचा. मार खाणं हे आम्हाला घाम येण्यासारखं होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. राग किती आत जाऊन बसू शकतो हे तेव्हा मला कळत नव्हतं, एवढंच.

आईचं कमरेखालचं अंग लकव्याने गेलं होतं. तिचं माहेर बदलापूरचं, उल्हास नदीच्या अगदी काठावरचं. पडून पडून तिला एकच ध्यास लागला. "मला एकदा नदीत पाय सोडून बसवा," म्हणायची. "पाय मेलेले असले म्हणून काय झालं. पाण्यात दिसतील तर खरे."

आगगाडी बदलापूरला जातच होती. पण आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "परक्या हमालांच्या हातांनी मला पोत्यासारखी चढवू नका. आणि डब्यात माझं काही झालं तर? लोक नाक धरतील." शिवाय तिकडे जाऊन उतरायचं कुठे, हाही प्रश्न होता. तिचे भाऊ वारले होते, घर पडलं होतं. धर्मशाळेत अशा बाईला ओटीवर कोण निजू देणार?

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तर मग आपण घरच घेऊन जाऊ."

त्याने कोळसा घेतला आणि गॅलरीच्या फरशीवर एक बैलगाडी काढली. वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, दोन्ही अंगांना उघडता येतील असे पडदे, आत दोरांवर टांगलेली बाज, म्हणजे खड्ड्यांत आईला हिसके बसू नयेत. वहिनी रोज सकाळी फरशी धुवायची आणि दादा रोज संध्याकाळी गाडी पुन्हा काढायचा. शेजारी चहा घेऊन सल्ले द्यायला यायचे.

"चूल पुढे," एकजण म्हणायचा.

"पुढे ठेव म्हणजे बैलांची शेपटं भाजतील," दुसरा म्हणायचा.

"मागे ठेवा," वहिनी दारातून बोलायची. "आणि मलाही मागेच बांधा, शेळीसारखी. पाला टाकत जा अधूनमधून."

दादासुद्धा हसायचा. त्या दिवसांत त्याने घरात कोणावर हात उचलला नाही. एका संध्याकाळी त्याने बाजेच्या मधोमध एक गोल काढला आणि माझ्याकडे बघितलं. मला कळेना. त्याने आवाज उतरवला. "इथे सुंभ विणायचा नाही. मोकळी जागा ठेवायची आणि खाली मडकं. तिला कोणाला हाक मारायला लागता नये." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, वहिनीच्याही नाही. आलं ते खात्यात पट्टा चालवणाऱ्या माणसाच्या. मला त्या क्षणी तो फार आवडला होता, हेही लिहून ठेवतो.

आखणी त्याची, धावपळ माझी. नायगावच्या सुताराकडून गाडी दुरुस्त करून घेतली ती मी. छपराचे तट्टे मी आणले, बाजेखालच्या मडक्याच्या जागी गिरगावातून तांब्याचं झाकणवालं भांडं मी आणलं. शीवेचा बांध ओलांडून ठाणं, तिथून खाडी उतरून कल्याण, आणि पुढे नदीच्या कडेकडेने, हा रस्ता गाडीवानांना विचारून मीच पाठ केला. रात्री आईजवळ बसून तो तिला सांगायचो. ती मधेच थांबवायची. "घाटाच्या खालच्या अंगाला आंबे आहेत. बैल तिथे सोडा. सावली हटत नाही. आणि गाडीचं तोंड पाण्याकडे करा हां, विसराल." मग म्हणायची, "तू माझ्या जवळ बस. तुझ्या दादाला एका जागी बसवत नाही." मी तिला शब्द दिला. नदीत तिला धरून मी बसणार, हे माझ्या मनात असं पक्कं झालं होतं की दुसरं काही होऊ शकतं हे सुचलंच नाही.

बैल घोडपदेवच्या एका गाडीवानाकडून मिळाले. एक पांढरा, गरीब. दुसरा काळा, तापट. "लांबचा रस्ता आहे, पत्र्या मारून न्या," गाडीवान म्हणाला. पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकायचा लोखंडी नाल. लालबागच्या एका आवारात घाटावरचा एक म्हातारा हे काम करायचा. आमची गाडीही तिथेच उभी होती, छप्पर चढवून, बाज टांगून तयार. निघायला एक दिवस उरला होता.

पत्री मारताना बैलाला दोरांनी आडवा पाडतात. चारी पाय एकत्र बांधून लाकडाच्या बेचक्यावर टेकवतात. एकजण डोक्याशी बसतो, मानेवर गुडघा देतो आणि शिंग दोन्ही हातांनी जमिनीत दाबून धरतो. शिंग खाली आहे तोवर बैलाला उसळता येत नाही. म्हाताऱ्याची एक रीत होती. प्रत्येक खुराला हात घालण्याआधी तो डोक्याशी बसलेल्याला विचारायचा, "धरलं?" त्याने "धरलं" म्हटल्याशिवाय हातोडी उचलायचा नाही. मान वळवून बघायचाही नाही. त्याची नजर खुरावर असायची. शब्द मिळाला की झालं. "इथं शब्दावर काम चालतं, पोरांनो," त्याने सुरुवातीलाच सांगितलं. "शब्द दिला की माझा जीव तुमच्या हातात."

पांढरा बैल निमूट झाला. काळ्याला पाडताना त्याने दोघांना फरफटत नेलं. दादाने काठी घेतली आणि त्याच्या बरगड्यांवर अशी चालवली की म्हातारा म्हणाला, "बास करा, मालक. चामड्याची पखाल नाही ती." बैल पडला. तोंडाला फेस, डोळे पांढरे. मी डोक्याशी बसलो. दादा बेचक्यापाशी जमिनीवर बसला, बांधलेले पाय कवेत घेऊन, स्वतःचा एक पाय बैलाच्या पोटाखाली सरकवून.

तिथे बसूनच तो म्हणाला, "उद्या तू येत नाहीस."

मला वाटलं मी बहिऱ्या कानाने ऐकलं. "काय?"

"साहेबाशी बोललोय. मी नसताना खातं तू बघायचंस."

"मी आईला शब्द दिलाय, दादा."

"शब्द बिब्द राहू दे. आईला मी आहे."

"ती मला म्हणाली होती, तू जवळ बस."

"ती लकव्याची बाई. आज एक म्हणते, उद्या दुसरं." मग त्याने बघितलं की बोलण्याच्या भरात माझा गुडघा सैल पडला होता. त्याने बसल्या जागेवरून काठी फिरवली. ती माझ्या मानेवर आणि त्याच बहिऱ्या कानावर बसली. "हात आहेत की केळीची सोपटं? नीट धर."

आवारातले गाडीवान हसले. कोणीतरी म्हणालं, "जॉबरसाहेब इथे पण खातं चालवतात."

मी गुडघा पुन्हा दिला, शिंग पुन्हा धरलं. दोन पाय झाले. "धरलं?" "धरलं." तिसरा झाला. चौथ्याच्या वेळी म्हातारा हातोडी घेऊन वाकला आणि दादा त्या खुरावर ओणवा झाला. म्हाताऱ्याने विचारलं, "धरलं?"

मी हात उचलले. गुडघाही उचलला. हात मोकळे करून मांडीवर ठेवले, आणि म्हणालो, "धरलं."

त्याला नुसती दहशत बसवायची होती, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. दादाचा पाय कुठे आहे ते मला दिसत होतं. तो पाय मला मोडायला हवा होता. उद्या तो जाऊ नये आणि मी जावं, असा हिशोब डोक्यात धडपणे झालाही नसेल, पण हातांना तो ठाऊक होता.

खिळा पहिल्या ठोक्याला शिरला आणि बैलाने डोकं उचललं. सगळं अंग उलटं फिरलं, बेचकं मोडलं आणि तो बांधलेल्या पायांनिशी दादावर आला. हाड मोडल्याचा आवाज मला चांगल्या कानाने स्पष्ट ऐकू आला. दादा ओरडला नाही. म्हातारा उडून गाडीच्या चाकावर आपटला, त्याचं कपाळ फुटलं. बैल दादाच्या मांडीवर तडफडत होता आणि प्रत्येक हिसक्यासरशी ती मांडी आणखी चुरडत होती.

मग मी जे केलं ते पहिल्यापेक्षा वाईट. माणसांनी दोर ओढून बैल बाजूला केला, तेव्हा मी दादाकडे गेलो नाही. दादाची काठी उचलली आणि बांधलेल्या जनावराच्या तोंडावर मारत सुटलो. नाकावर, जबड्यावर, डोळ्यावर. डोळा फुटून गालावर आला तरी मी थांबलो नाही. मला पाठीमागून मिठी मारून दूर करावं लागलं. "भावाची माया बघा," लोक म्हणाले. "वेडा झालाय पोरगा." मी रडत होतो आणि सांगत होतो, "हिसडा देऊन सुटला हो, हिसडा देऊन सुटला." म्हाताऱ्याने डोळ्यांवरचं रक्त पुसत माझ्याकडे बघितलं.  त्याने बघितलं असावं, की नसावं, हे मला आजही ठाऊक नाही. तो तिथून उठून घाटावर आपल्या गावी गेला तो परत आला नाही. बैल वांद्र्याला खाटकाकडे गेला.

हाडवैद्याने दादाचा पाय बांधला तो वाकडाच जुळला. खात्यात उभं राहणं संपलं. साहेबाने ती जागा मला दिली. बदलीला मला ठेवायचं दादा आधीच बोलला होता ना, म्हणून. पट्टाही माझ्याकडे आला. मी तो वापरला नाही असं लिहायला फार सोपं जाईल. मी तो वापरला.

तरीही आईला नेता आलं असतं. गाडी उभी होती, रस्ता मला पाठ होता. वहिनीने एकदा विचारलंही, "भावोजी, तुम्ही नि मी नेऊ या का आईंना?" मी म्हणालो, बघू. त्या गाडीत बसायची माझी छाती झाली नाही. आई मात्र नदीचं नाव पुन्हा काढेना. तिला वाटे, आपल्या मेलेल्या पायांच्या हौसेपायी पोराचा जिता पाय गेला. दादाला धड उठता येत नव्हतं तरी तो तिच्याजवळ सरकत जाऊन बसायचा, आणि ती त्याच्या मांडीवरून हात फिरवत राहायची. श्रावणात ती भिंतीकडे तोंड करून गेली. पुढे प्लेगात गाव ओस पडू लागला तेव्हा त्या आवारातून कोणीतरी ती गाडी हाकून नेली. कुठल्या नदीला गेली असेल, कोण जाणे.

दादा आता म्हातारा झालाय. आमच्या शेजारच्या खोलीत असतो, काखेत कुबडी घेऊन गॅलरीत बसतो, माझ्या पोरांना कोळशाने गाड्या काढून दाखवतो. आई गेल्यावर तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर त्याने मला बाजूला बोलावलं होतं. कधी कोणापुढे मान खाली न घातलेला माणूस खाली बघत म्हणाला, "मी त्या वेळी तुला काठी मारली नसती, तर तुझा हात सुटला नसता. माझ्यामुळेच आईचं नदीवर जाणं राहिलं बघ. मला माफ कर."

मी म्हणालो, "जाऊ दे, दादा."

ती माफी मी घेतली आणि ठेवली. तो हात सुटला नव्हता, मी काढला होता आणि काढून झाल्यावर "धरलं" म्हणालो होतो, हे त्याच्यासमोर बसून त्याच्या तोंडावर सांगायचं देणं मी दादाचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.