पुठ्ठ्याचा मासा

बोईसरच्या बाजारात मी मासे विकते. कारखान्यातला एक वऱ्हाडी माणूस रोज माझ्या टोपलीपुढं उभा राहायचा, घ्यायचा काहीच नाही. एकदा त्यानं स्वतः बनवलेला पुठ्ठ्याचा मासा दाखवला. अंगावर मोरपिसं रंगवलेली, पाठीला पंख.

"मावशी, रूमवरचे हसतेत मले. तुमी खरं सांगा."

"याला कल्लेच नाय. उडेल कसा? मेलेला हाय."

त्याचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी तो लाल कागदाचे कल्ले चिकटवून आला. ताजेपणा बघायला गिऱ्हाईक उचलतं, तसा मी बोटानं कल्ला उचलून पाहिला.

"ताजा हाय."

मासा दोन्ही हातांत धरून तो हसत गेला.

आता दर आठवड्याला नवा आणतो. त्याचं नाव मी विचारलेलं नाही. कल्ला बघते, शिळा वाटला तर शिळा म्हणते.