कल्ले बघणारी

घाटकोपरच्या दुकानात मी अर्धा तास एक छोटा ब्लेंडर हातात घेऊन उभा होतो. ना स्वस्त, ना महाग. म्हणजे गोंधळायला अगदी योग्य किंमत. कवळी मोडल्यापासून आई नुसत्या पेजेवर होती आणि आज तीही तिने परत पाठवली होती. सेल्समन स्मूदीचे गोडवे गात होता. त्याचे वॅट ऐकून ब्लेंडरआधी माझंच डोकं फिरायला लागलं.

तेवढ्यात बल्ब घ्यायला एक कोळीण आली. पाटी दाराशी ठेवून तिने माझ्या हातातलं भांडं ओढलं, झाकण अंगठ्याने उचललं आणि माशाचे कल्ले बघावेत तशी आत डोकावली.

"ताजं हाय," ती म्हणाली. "खाणार कोण?"

"आई. तिला दात नाहीत."

"काय खायचंय, तिला विचारलंस?"

चार दिवसांत मी सगळ्यांना विचारलं होतं, तिला सोडून. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"बांगडो," आई बोळक्या तोंडाने ठासून म्हणाली. "मिक्सरात घातलस तर बघ!"

कोळीण खदाखदा हसली. "बांगड्याला दात कशाला रे? काटे काढायला बोटं लागतात. हायत ना तुला?"

मी पंजे पुढे केले. तिने ते उलटेसुलटे करून नीट तपासले. "चालतील."

तिच्या पाटीतले उरलेले दोन्ही बांगडे आईने त्या दुपारी माझ्या हातून खाल्ले. तो ब्लेंडर घेण्यासारखा होता की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.