सासूबाईंचा एक, माझा नऊ

माझ्या सासूबाईंना एक ते दहा आकडे बरोबर लिहिता येत होते.

हे वाक्य आमच्या घरात कुणी ऐकलं तर हसून लोळेल. कारण गेली कित्येक वर्षं आमच्याकडे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मेंदीत एकच किस्सा रंगतो: आजीनं आकडा चुकवला आणि जावयाचा धंदा बुडाला! सांगणारा मीच. नक्कल करणाराही मीच. आता सासूबाई नाहीत, मला ऐंशी उलटली, आणि वर गेल्यावर पहिली गाठ त्यांच्याशीच पडणार आहे. तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

मी इथे इस्राएलमध्ये, पेताह तिक्वाच्या एका पाईपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. रामल्याहून रोज बसनं जायचं, पाईप मोजायचे, परत यायचं. आणि मुख्य म्हणजे मला 'क्वियूत' होती. क्वियूत म्हणजे पर्मनंट नोकरी. कारखाना जळाला तरी राखेवर तुमची खुर्ची शाबूत! आमच्या मराठी ज्यू लोकांत मुलगी देताना आधी क्वियूत विचारत, मग मुलाचं नाव. नव्वदच्या दशकात, पन्नाशी ओलांडल्यावर, ही क्वियूत मी स्वतःच्या हातानं फेकली. का? तर बावीस वर्षं पाईप मोजले, म्हणजे पाईप जोडताही येणारच! (या न्यायानं बँकेचा कॅशियर कोट्यधीश व्हायला हवा.)

इथे प्रत्येक गच्चीवर उन्हानं पाणी तापवणाऱ्या पांढऱ्या टाक्या असतात. त्यांना 'डूड' म्हणतात. डूड गंजतात, गळतात, बदलावे लागतात. मी ते बदलण्याची कंपनी काढली आणि तिच्या नावापुढे 'अँड सन्स' लावलं. मला दोन मुली आहेत.

"सन्स कुठले रे?" बायकोनं, रिव्कानं, विचारलं. (ती इथे आली पाच वर्षांची असताना. हिब्रूत अहो-जाहो नाही, म्हणून मराठीतही मला अरे-तुरेच.)

"भारदस्त वाटतं."

"आणि तू डूड कधी उघडलायस?"

"मॅनेजिंग डायरेक्टर उघडत नसतो. उघडवतो!"

कंपनीत माणसं तीन. रोजंदारीचे दोन गडी आणि फोनवर सासूबाई. त्या आमच्याकडेच राहायच्या. फोन वाजला की पदर खोचून "शालोम, अँड सन्स!" असं म्हणायच्या की पलीकडचा माणूस सावरूनच बसे. गिऱ्हाईक हिब्रूत बोले, त्या वहीत मराठीत निरोप लिहीत. रिव्काला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मुली तर मराठी प्रश्नाला हिब्रूत उत्तर देणाऱ्या. म्हणजे ती वही वाचू शकणारी घरात दोनच माणसं, सासूबाई आणि मी. आणि मी काय साधासुधा? अलिबागचा मॅट्रिक!

एका शुक्रवारी सकाळी सासूबाई बाजारात गेल्या होत्या आणि वहीत निरोप होता: "याकोव, सोळा बिऱ्हाडांची बिल्डिंग. फ्लॅट १. डूड गळतो. काम पसंत पडलं तर सगळे सोळा डूड आपल्याला. आधी दार वाजवून विचारा."

अक्षरात 'सोळा' मी बरोबर वाचलं. आकड्यातला '१' मात्र नऊ वाचला! बावीस वर्षं इंग्रजी आकडे मोजून डोळा बिघडलेला. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ, तेच डोकं, तीच शेपटी.

दार वाजवणं डायरेक्टरला शोभत नाही, म्हणून मी थेट गच्चीवर. नऊ नंबरचा डूड नवा कोरा, वर कोरडा ठणठणीत.

"हा गळत नाही," एक गडी म्हणाला.

"आतून गळत असेल!" मी म्हणालो.

शेजारच्या एक नंबरच्या डूडमधून पाणी माझ्या बुटात पडत होतं. मी दोन पावलं बाजूला सरकून उभा राहिलो.

तासाभरात तो ठणठणीत डूड खाली उतरला. रस्त्यात "आल्ते झाखेन!" ओरडत भंगारवाला चालला होता, त्याला तो मी देऊनही टाकला, वर हसत हसत!

दुपारी सगळे आमच्या घरी. एक नंबरचा याकोव, म्हणजे त्या बिल्डिंगच्या कमिटीचा प्रमुख. आणि नऊ नंबरचा झल्मान, कसरतीचा रिटायर्ड मास्तर, गळ्यात टॉवेल.

"तीन महिन्यांचा डूड होता माझा! कुठाय?"

"मी फोनवर एक सांगितलं होतं. एक!" याकोव ओरडला.

"मी एकच लिहिलंय," बाजारातून आलेल्या सासूबाई म्हणाल्या आणि वही घेऊन आल्या.

याकोवनं पाहिलं. "तेशा." म्हणजे नऊ. झल्माननं पाहिलं. "तेशा!" रिव्कानं पाहिलं. "आई, अगं, हा नऊच आहे."

"तुम्हां कुणाला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?" सासूबाईंनी वही माझ्यापुढे धरली. "जावई, तुम्ही मॅट्रिक. सांगा यांना."

मी पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. तो एक होता. गावच्या शाळेत पाटीवर गिरवतात तसा गोल, सुबक, निर्दोष एक.

याकोव म्हणाला, "म्हातारीची चूक असेल तर समजू शकतो. तिला फोनवरून काढ, पुढचं बोलू. पण तुझीच असेल तर सोळा डूड विसर."

"नऊ आहे," मी म्हणालो.

"परत वाचा, जावई."

"नऊ."

सासूबाईंनी वही मिटली. "मग माझंच चुकलं असेल," म्हणाल्या आणि शब्बाथची चूल बघायला आत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बॅग भरली आणि ओफाकिमला मुलाकडे गेल्या. "तुमच्या धंद्याला नको माझी अडचण," एवढंच बोलल्या.

सोळा डूड मिळाले? छे! फोनवर मी बसलो. पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणालो, "डायरेक्टर बिझी आहेत." त्यानं दुसरीकडे फोन लावला. चार महिन्यांत कळलं की 'अँड सन्स'मध्ये काम येणारं एकच माणूस होतं आणि त्याला मी हाकललं होतं! कंपनी मिटली. कारखान्यानं परत घेतलं नाही. पुढची नऊ वर्षं (बघा, हे खरंच नऊ!) एका मॉलच्या दारात उभा राहून लोकांच्या पिशव्या तपासल्या. खोटं बोलणारा माणूस दाराशी कसा ओळखायचा, याचं ट्रेनिंगही मला दिलं होतं. आरशात बघून सराव करत होतो.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला ओफाकिमला गेलो. आज उभं राहून सगळ्यांसमोर खरं सांगायचं, असं बसमध्ये पक्कं केलं. जेवण झालं, उभा राहिलो, घसा खाकरला. एवढ्यात भाचा ओरडला, "काका, सावताचा किस्सा! तो नऊचा!" (सावता म्हणजे आजी.) बावीस माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी काय केलं? पदर खोचला, वही धरली आणि नक्कल करून दाखवली. दोन नवीन हातवारेही घातले. रिव्का डोळे पुसत हसली. तिच्याच आईवर.

म्हणून शेवटी हे लिहिलं. काही लपवलं नाही, कुणाला सोडलं नाही, स्वतःला तर नाहीच. छाती ठोकून सगळ्या घरासमोर कबूल केलंय. आणि मुद्दाम मराठीत लिहिलंय. हिब्रूत लिहिलं असतं तर घरच्यांनी वाचलं असतं!