अक्कांचा हरवलेला फॉर्म

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा जळगावचं, पिंप्राळ्यातलं घर सोडून मी धुळ्यात नोकरीला लागले. ऑफिस म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक टेलिफोन. इंटरनेट चालू असलं की फोन लागायचा नाही, आणि फोन हवा असला की इंटरनेट बंद करावं लागायचं. आमच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, वधू-वरांची वेबसाइट काढली होती. ती बनवायला मी होते. एकटीच.

पहिल्याच महिन्यात एका गृहस्थांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाचं स्थळ साइटवरून उडवलं. त्यात खोडी नव्हती. 'काढा' या बटणाचा अर्थ त्यांनी 'फोटो काढा' असा घेतला होता.

"हे बटण कुणीही दाबू शकतं?" भाऊंनी विचारलं.

शकत होतं. मग मी चांगले चार दिवस खपून बंदोबस्त केला. स्थळ भरायचं असो, बदलायचं असो की काढायचं असो, बटण दाबलं की साइट आधी तपासणार, माणसाने लॉगिन केलेलं आहे का. नसलं तर थेट लॉगिनच्या पानावर. मी फार खूश होते.

पुढच्या आठवड्यात पिंपळनेरहून एस.टी.ने अक्का आल्या. साक्रीच्या एका सरकारी कचेरीत त्यांची टायपिस्ट म्हणून हयात गेली होती. त्यांची मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि लग्नाचा विषय निघाला की वह्या तपासायला बसायची. म्हणून आईच आली होती, मुलीला न सांगता.

मी त्यांना नाव आणि पासवर्ड दिला, लॉगिन करून दिलं आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"मनी पोर शे. मीच लिखसू," अक्का अहिराणीत म्हणाल्या. पोर त्यांची, तेव्हा लिहिणार त्याच. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

आमचा मराठी फॉन्ट टाइपरायटरच्याच कळांवर चालायचा. अक्कांची बोटं अशी पळायला लागली की भाऊसुद्धा आतून बघायला आले. पण 'अपेक्षा' या रकान्यापाशी त्या थांबल्या. लिहीत, खोडत, खिडकीबाहेर बघत तासभर बसल्या. मग समाधानाने त्यांनी बटण दाबलं.

समोर पान आलं: 'आपण कोण आहात? कृपया लॉगिन करा.'

चूक माझी होती. वीस मिनिटं सर्व्हरकडे काहीच गेलं नाही की सर्व्हर माणसाला विसरायचा. अक्का इकडे तासभर लिहीत होत्या, पण तिकडे त्याचा पत्ताच नव्हता. मी घाईघाईने मागच्या पानावर गेले. फॉर्म कोरा करकरीत.

"बठ्ठं चालनं गयं?" अक्कांनी विचारलं.

सगळंच गेलं होतं. मी मान हलवली.

"अन् माले इचारस, कोन शे म्हनीसन! मी काय चोर शे का?"

मला रडू यायचंच बाकी होतं. ते बघून त्याच निवळल्या. भाऊंनी चहा मागवला. चहा पिता पिता अक्का कचेरीतल्या मराठीत, सावकाश बोलल्या. "आमचा गिरणीवाला विसरतो बरं का, डबा कोणाचा ते. पण म्हणून तो पीठ फेकून देतो का? बाजूला ठेवतो आणि विचारतो, बाई, हा कोणाचा?"

मी कप खाली ठेवला. खरंच, नाव विचारणं चुकीचं नव्हतंच. हातातलं फेकून देऊन विचारत होते, ते चुकीचं होतं.

पुढचे तीन दिवस मी तेवढंच केलं. बटण दाबलेला माणूस ओळखीचा नसला, तर त्याने भरलेलं सगळं आणि त्याला काय करायचं होतं ते, दोन्ही सर्व्हरवर बाजूला ठेवायचं. मग लॉगिन मागायचं. ओळख पटली की अर्धं राहिलेलं काम तिथूनच पुरं करायचं. भाऊ म्हणाले, "त्यापेक्षा दारातच लॉगिन घे." पण लॉगिन तर अक्कांनी दारातच केलं होतं.

अक्का पुन्हा आल्या. पुन्हा तासभर लिहिलं. बटण दाबलं, लॉगिनचं पान आलं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पासवर्ड टाकला. आणि पडद्यावर त्यांचं स्थळ उमटलं, 'अपेक्षा'सकट. मी पहिल्यांदाच वाचलं: 'मुलीची नोकरी सोडवणार नाही असा. घरात मोठ्याने बोलणारा नको, आमच्याकडे एक होऊन गेला.'

"पहिल्या वेळी लांबलचक लिहिलं होतं," अक्का म्हणाल्या. "हे बरं झालं."

दोन आठवड्यांनी एक उंच, सावळी मुलगी जिना चढून आली. आईच्या पर्समध्ये तिला पासवर्डची चिठ्ठी सापडली होती. आता ही सगळं काढून टाकणार, अशी माझी खात्री झाली. तिने स्थळ उघडलं, सावकाश वाचलं, 'अपेक्षा'पाशी बराच वेळ थांबली. मग वरच्या रकान्यातलं 'रंग: गोरा' खोडून 'सावळा' लिहिलं, बटण दाबलं आणि मला म्हणाली, "बाकी राहू द्या."