कोमट पाण्याची बादली

"गाईला हाडं चारणार तू? या घरात? अरे, आपल्या पणज्यानं गायकवाडीत गाईबैलांचे गोठे सांभाळले!"

लग्न होऊन अहल्या छाणी गावातल्या घरात आली, त्याच्या चौथ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातून हे भांडण ऐकलं. ओरडत होते सासरे, दत्ताजीराव. खाली मान घालून उभा होता तिचा नवरा, श्रीपतराव.

"आबा, हाडं कुठं? पूड आहे. वाफेवर उकळून दळलेली. गौरा बघा ना, भिंत चाटते, दोर चघळते. काल तुमच्या सुनेची नवी चप्पल खाल्ली."

"चप्पल तिनं चुकून खाल्ली. हाडं तू जाणूनबुजून चारशील."

पुडीची पिशवी परत गेली.

श्रीपतराव छाणीतल्याच एका कारखान्यात कामाला. कारखाना कसला, पत्र्याची शेड. जनावरांच्या खुराकात घालायची क्षारांची पूड तिथं कालवायची. वाढत्या वासराला फॉस्फरस मिळाला नाही तर हाडं पोचट राहतात आणि दिसेल ते चावत सुटतं, असं तो सांगायचा. फॉस्फरस म्हणजे काय, हे अहल्येला शेवटपर्यंत उमगलं नाही. चप्पल का गेली, एवढं उमगलं.

गौरा सात महिन्यांची कालवड. सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, हिचं वासरू या अंगणात नाचलं पाहिजे. ते बोलणं श्रीपतरावानं गाठीशी बांधलं होतं.

जनावरांसाठी शुद्ध केलेली बिनहाडाची पूड महाग. मग त्यानं खताच्या कामी येणारी दगडाची पूड आणली, फॉस्फरस तिच्यातही होता.

"आबा, खाणीतला दगड आहे. हाडाचा संबंध नाही."

आबांनी चिमूट जिभेवर ठेवली. "हं. हा चालेल."

गिऱ्हाईकांनाही हाड नकोच होतं. कारखान्याच्या शेठनंही तोच दगड कालवायला घेतला. श्रीपतराव सायकलवर पिशव्या लादून समा गावाकडच्या भरवाडांना, तिथल्या गुराख्यांना, देऊन यायचा. "हाड नाही हो भाई, नुसता दगड. आमच्या घरच्या कालवडीला हाच देतो." कंपनीच्या छापापेक्षा लोकांनी त्या एका वाक्यावर विश्वास ठेवला.

गौरानं भिंत सोडली. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, बघा, दगडावर वाढली!

दीड वर्षानं तिचे नवे दात आले, ते खडूसारखे, तपकिरी पट्ट्यांचे.

"अहो, ही चोरून तंबाखू खाते की काय?" अहल्या म्हणाली. दोघं पोटभर हसली. मग गौरा लंगडायला लागली. गार पाण्याला तोंड लावलं की झटक्यानं मान मागे घ्यायची. हसणं तिथंच संपलं.

डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिला. "खताचा दगड दिलात ना? त्यात फ्लोरीन असतं. दात खातं, हाडात जाऊन बसतं."

"औषध?"

"दगड बंद करा. झालं ते मागं येत नाही. आणि वासराची आशा धरू नका. स्वतःचे चार पाय झेपले तरी खूप."

श्रीपतरावानं दुसऱ्या दिवशी काम सोडलं आणि तो सायकल घेऊन, दगड बंद करा हे सांगायला, समाला घरोघर गेला. वेलाभाई भरवाडाच्या दारात तीन कालवडी लंगडत होत्या. वेलाभाई खाटेवरून उठलाही नाही. "आवो काका. हाड तो नहोतुं ने? पथरो ज हतो ने?"

हाड नव्हतं, दगडच होता. श्रीपतराव हात जोडून उभा राहिला आणि तसाच परत आला.

एका दुपारी आबा गोठ्याच्या दाराशी घुटमळले. "सूनबाई, आता ती… पहिली पूड आणली तर?"

"आता उपयोग नाही, मामंजी."

"मी नाही काही म्हणणार."

"ते ठाऊक आहे. पण उपयोग नाही."

त्यानंतर ते गोठ्याकडे फिरकले नाहीत.

श्रीपतराव पुन्हा कामाला लागला तो पार तरसालीला, गोदामावर. पण पुढची चार वर्षं निघायच्या आधी रोज समाहून रजका, म्हणजे लसूणघास, आणायचा, कोवळा बघून. तो बारीक कापायचा, पाणी कोमट करायचं, बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपर बुडवून बघायचं.

"पोटच्या पोराचं एवढं केलं असतंत का?" अहल्या टोचायची.

"पोरानं सांगितलं असतं, काय दुखतंय ते."

मग गौरा बसली ती उठेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, पण त्यांनी पेटी उघडलीच नाही. "उद्याचा दिवस काढेल," म्हणाले.

सकाळी अहल्या म्हणाली, "अहो, आज राहू द्या. ती तोंडात घास धरत नाही."

"हो," म्हणून श्रीपतरावानं पँटच्या पायाला सुतळी बांधली, सायकल काढली. तासाभरानं आला तो रजकावाल्यावर करवादत. पैसे कोवळ्याचे घेतले, आत निम्मे दांडे घातले! दांडे निवडून बाजूला टाकले. पानं बारीक कापली. पाणी तापवलं, बादलीत ओतलं, कोपर बुडवलं. कढत होतं. तांब्याभर गार पाणी घातलं, हातानं ढवळलं, पुन्हा कोपर बुडवलं, आणि बादली उचलून गोठ्यात नेली.